जाळी, झाकण आणि चोथा

बेंगळुरूत कॉफीच्या पुडीचं दुकान विचारत जावं लागत नाही. गांधी बाजारात किंवा मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसच्या आसपास सकाळी पाय टाकला की आधी भाजल्या बियांचा वास येतो, दुकान मागाहून दिसतं. दुकानदाराचे दोन प्रश्न ठरलेले असतात : बी कोणतं, आणि चिकोरी किती? 'प्लांटेशन ए', 'पीबेरी', 'रोबस्टा चेरी' ही नावं इथल्या आजीबाईंच्याही तोंडात बसलेली. 'ऐंशी-वीस' म्हटलं की ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी, हे कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. अलीकडे त्यात तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. दळण कसलं, फिल्टरचं की कोल्ड ब्रूचं?

हा तिसरा प्रश्न ज्या वस्तूमुळे आला ती व्हाइटफील्डपासून सर्जापूर रोडपर्यंतच्या कितीतरी फ्रिजांच्या दारात उभी असते. काचेची उंच बाटली, आत जाळीची नळी, वर झाकण. थोरल्या नगाला खाली तोटी. रात्री जाळीत पूड भरायची, गार पाणी ओतायचं, सकाळी जाळी उपसून काढायची. 'कोल्ड ब्रू मेकर' असं भारदस्त नाव मिरवत असली तरी या वस्तूत वीज नाही, मोटर नाही, फिरणारा एकही भाग नाही. भांडं, जाळी आणि झाकण, संपलं यंत्र. मग हजाराच्या आतला नग आणि तीन हजारांचा नग यांत फरक कसला? दुकानात दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात. माझं मत असं की फरक भांड्यात जवळजवळ नसतोच, तो जोडांत असतो. जाळीची एक कड दुसरीला जिथे भिडते, झाकण काचेवर जिथे टेकतं, तोटी काचेतून जिथे बाहेर पडते, तिथे वस्तूची लायकी कळते. आणि ती धुवायला किती छळते यावर ती वापरात राहणार की माळ्यावर जाणार हे ठरतं.

आधी गार पाण्यात घडतं काय ते पाहू. थंड पाण्यात कॅफीन उतरत नाही, म्हणून ही कॉफी सौम्य, असा एक सोयीचा समज आहे. खोलीच्या तापमानाला लिटरभर पाण्यात २० ग्रॅमच्या आसपास कॅफीन विरघळू शकतं. आपण लिटरला साधारण ८० ग्रॅम पूड घालतो आणि ती अरेबिकाची असेल तर तिच्यात सगळं मिळून ग्रॅमभर कॅफीन असतं. म्हणजे पाण्याची ताकद पुरून उरते. कमी पडतो तो वेग. उष्णता नसल्यामुळे कणाच्या आतलं द्रव्य बाहेर यायला तास लागतात, मिनिटं नव्हे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मेगन फुलर आणि निनी राव या दोघींनी २०१७ साली हे मोजून प्रसिद्ध केलं. खोलीच्या तापमानाला सहा-सात तासांत कॅफीनची पातळी स्थिरावते, त्यानंतर ताटकळून फारसं काही हाती लागत नाही. त्यामुळे खोक्यावर कुणी 'चोवीस तास भिजवा' असं छापलं असेल तर कॅफीनपुरता तरी तो सल्ला निरर्थक आहे. फ्रिजमध्ये भिजवलं तर वेग आणखी मंदावतो, म्हणून तिथे बारा-चौदा तास धरावेत.

दुसरा समज पित्ताचा. मराठी घरात कॉफीचा विषय निघाला आणि पित्ताचा निघाला नाही असं होत नाही, त्यामुळे 'हिच्यात आम्ल नसतं' ही जाहिरात आपल्याकडे चांगली खपते. याच दोघींनी पुढच्या वर्षी निरनिराळ्या देशांच्या बियांची गरम आणि थंड कॉफी काढून तपासली. दोन्हींचा सामू ४.८५ ते ५.१३ या एकाच पट्ट्यात निघाला. गरम कॉफीत एकूण आम्लद्रव्यं जास्त होती हे खरं, पण थंड कॉफी म्हणजे आम्लरहित कॉफी हे खरं नव्हे. चव गोडसर आणि गुळगुळीत लागते, कारण उष्णतेनं झटकन उतरणारी कडवट द्रव्यं इथे कमी उतरतात. जिभेला सौम्य वाटलं म्हणून पोटालाही सौम्य वाटेल, याची हमी कुणी देऊ नये.

आता जाळी. बाटली हातात आली की काच न्याहाळत बसू नका. आतली नळी काढा आणि उजेडासमोर धरा. विणलेली जाळी असेल तर उभ्या-आडव्या तारांमधले चौकोन सगळीकडे सारखे दिसले पाहिजेत. कुठे तार सरकून चौकोन लांबट झाला असेल तर पूड तिथूनच निसटणार. जाळीची बारकाई इंचातल्या तारांवरून सांगतात. १०० नंबरच्या जाळीचं भोक साधारण १५० मायक्रॉनचं, २०० नंबरचं साधारण ७५ मायक्रॉनचं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा. कॉफी कितीही भरड दळली तरी तिच्यात पिठासारखे बारीक कण असतातच. ते दोन्ही जाळ्यांतून थोडेफार जातात, १०० नंबरातून फार जातात आणि पेल्याच्या तळाशी चिखल बसतो. जाळी जास्त बारीक केली तर भोकं बुजतात आणि उपसलेली नळी सिंकवर अर्धा तास ठिबकत बसते. म्हणून चांगला बनवणारा मधला मार्ग काढतो : आत बारीक जाळी आणि तिला आधार म्हणून बाहेरून भोकं पाडलेल्या पत्र्याची दुसरी नळी. नुसती पातळ जाळी असेल तर बोटांनी हलकेच दाबून पाहावी. ती कागदासारखी चेपली तर चोथा झटकताना चार महिन्यांत तिचा आकार जाणार.

याहून महत्त्वाची आहे उभी शिवण. जाळीचा सपाट तुकडा गुंडाळून दोन कडा एकमेकींवर ठेवतात आणि ठिकठिकाणी वेल्डिंगचे ठिपके मारतात. स्वस्त नगात ठिपके दूर दूर असतात. दोन ठिपक्यांमधली कड नखानं उचलली जाते का पाहा. उचलली गेली तर त्या फटीतून पूड जाणार आणि त्याहून वाईट म्हणजे आतही अडकून राहणार. तीच जागा आधी गंजते. वेल्डिंगच्या आचेनं त्या पट्ट्यातल्या पोलादाचं क्रोमियमचं संरक्षक कवच दुबळं होतं. तिथे ओलावा आणि पाण्यातले क्षार साचले की काही महिन्यांत चहाच्या रंगाची बारीक उभी रेघ उमटते. बाकी नळी आरशासारखी लखलखत असते आणि शिवणीवर ही रेघ. विकत घेताना जी दिसत नाही आणि वापरताना पुसता येत नाही, अशी ही खूण.

तळाचा आणि गळ्याचा जोडही तसाच बघावा. तळाची चकती पत्र्याची कड दुमडून बसवली असेल तर उत्तम. गळ्याशी जाळी प्लॅस्टिकच्या कड्यात शिरते. चांगल्या नगात ते कडं जाळीवरच ओतलेलं असतं, हलक्या नगात गोंदानं चिकटवलेलं. साबण, घासणं आणि ओलं-कोरडं होणं यांनी गोंद सुटतो आणि एके सकाळी कडं हातात येतं, नळी चोथ्यासकट बाटलीतच राहते. टोकियोच्या हारिओ या १९२१ पासूनच्या काच कंपनीची जी बाटली या प्रकारात जगभर नावाजली गेली, तिच्यात तर स्टीलची जाळीच नाही. प्लॅस्टिकच्या सांगाड्यात पॉलिएस्टरची बारीक वीण बसवलेली असते. ऐकायला हलकं वाटतं, पण तिथे गंजण्याचा प्रश्नच निकालात निघतो. जपावं लागतं ते तारेच्या घासणीपासून.

स्टीलवरून आठवलं. भांड्यांच्या दुकानात अजूनही लोहचुंबक लावून 'बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल ३०४' असं दाखवतात. ३०४ या प्रतीच्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं आणि ते चुंबकाला सहसा चिकटत नाही, इथवर ठीक. पण निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं स्वस्त २०२ पोलादही चिकटत नाही. उलट, ओढून-ताणून तार केलेलं अस्सल ३०४ किंचित चिकटू शकतं. त्यामुळे हा प्रयोग करमणूक म्हणून पाहावा. खात्री हवी असेल तर लेखी प्रत देणारा, आणि गंजलं तर बदलून देणारा विक्रेता शोधावा.

काचेबद्दल मात्र बराच खर्च वाया जातो असं मला वाटतं. 'बोरोसिलिकेट' हा शब्द खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतो. ही काच साध्या काचेच्या मानानं तापल्यावर जेमतेम तिसरा हिस्सा प्रसरण पावते, म्हणून उकळतं पाणी ओतलं तरी तडकत नाही. मुंबईत १९६२ साली स्थापन झालेल्या बोरोसिलमुळे आपल्या स्वयंपाकघरांना तिची ओळख जुनी आहे. पण कोल्ड ब्रूच्या बाटलीत उकळतं पाणी घालतो कोण? तिचा उपयोग एवढाच, की फ्रिजमधून काढलेली बाटली कुणी गिझरच्या कढत पाण्याखाली धरली तर ती वाचते. आपटण्यापासून ती वाचत नाही. उलट ही भांडी बहुधा पातळ असतात आणि बेंगळुरूच्या घराघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर बूड जरा जोरात टेकलं की खेळ खलास. लोणच्याच्या जाड बरणीची साधी काच या कामाला तितकीच चालते. पैसे टाकायचेच असतील तर काचेपेक्षा जाळीवर टाकावेत.

प्लॅस्टिकच्या नगांचं थोडक्यात : पाणी गार असल्यानं प्लॅस्टिकमधून काही उतरण्याची धास्ती गरम पेयाइतकी नाही, पण कॉफीचं तेल आणि वास त्यात मुरतात आणि चरे पडले की जात नाहीत.

तोटीवाल्या डब्यांपासून मी चार हात लांब राहीन. पार्टीला ते झकास दिसतात. तोटी बसवायला काचेला भोक पाडलेलं असतं आणि आत-बाहेर रबराच्या दोन चकत्यांवर सगळी मदार असते. नट सैल राहिला तर गळतं, गच्च आवळला तर भोकाशी काच चिरते. कॉफीचे बारीक कण तोटीच्या पडद्यात बसले की ती पूर्ण मिटत नाही आणि फ्रिजच्या तळाशी तपकिरी थारोळं होतं. शिवाय तोटी बुडापासून बोटभर वर असते; तिच्याखालची कॉफी डबा तिरपा केल्याशिवाय मिळत नाही.

खोक्यावरच्या मापावर विसंबू नये. '१ लिटर' हे सहसा काठोकाठ भरल्याचं माप असतं आणि त्यात जाळीची जागाही धरलेली असते. शिवाय ओली पूड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते. ८० ग्रॅम पूड १६० मिलिलिटर पाणी गिळते आणि लिटरभर पाण्यातून ८०० मिलिलिटरच्या आसपास कॉफी मिळते. चौघांच्या घरात एवढ्यात भागत नाही, आणि दोन लिटरची बाटली फ्रिजच्या दारात मावत नाही. विकत घेण्याआधी दारातल्या कप्प्याची उंची मोजणं हा सगळ्यात उपयोगी सल्ला, पण तो कुणी देत नाही.

झाकणाची परीक्षा फ्रिजमध्येच होते. बेंगळुरूच्या फ्रिजात डोशाचं पीठ फुगत असतं, शेजारी कापलेला कांदा, मराठी घर असेल तर वर लसणाची चटणी. कॉफी वास ओढून घेण्यात पटाईत. नुसतं वर ठेवलेलं, घट्ट न बसणारं झाकण असेल तर दुसऱ्या दिवशी कॉफीला आंबट पिठाचा वास येतो. सिलिकॉनची रिंग खाचेत नीट बसलेली हवी आणि ती खाचेतून काढताही आली पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये या शहरात ओट्यावरचं काहीच धड वाळत नाही. न निघणाऱ्या रिंगेखाली काळी बुरशी धरते आणि ती बाहेरून दिसत नाही.

पाण्याचा मुद्दा या शहरात जास्त बोचरा आहे. कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून, काहीशे मीटर चढ चढवून शहरात आणलं जातं. जिथे ते पोचत नाही तिथे बोअरवेल आणि टँकर. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या तेव्हा सोसायट्यांच्या टाक्यांत कुठलं पाणी पडतंय याचा पत्ता नव्हता. गरम फिल्टर कॉफी असलं पाणी खपवून घेते, कारण ते उकळलेलं असतं. कोल्ड ब्रूमध्ये उकळणं कुठेच नाही. पाण्यात जे जंतू असतील ते रात्रभर कॉफीत सुखानं राहतात, आणि सामू पाचच्या आसपास असल्यानं आम्लही त्यांना पुरतं रोखत नाही. म्हणून उकळून गार केलेलं किंवा खात्रीचं शुद्ध केलेलं पाणीच वापरावं आणि भिजवणंही शक्यतो फ्रिजमध्येच करावं. 'बेंगळुरूची हवा मुळातच एसीची' हे जुनं प्रशस्तिपत्र आता चालत नाही. एप्रिल २०१६ मध्ये इथला पारा ३९ अंशांच्या वर गेला होता. गाळलेली कॉफी फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावी.

आरओच्या पाण्याची उलटी अडचण. ते स्वच्छ असतं, पण त्यातले क्षार जवळजवळ काढून टाकलेले असतात, आणि कॉफीची चव ओढून काढायला कॅल्शियम-मॅग्नेशियम थोडं लागतं. कॉफीच्या धंद्यातले लोक लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास क्षार असलेलं पाणी आदर्श मानतात. यंत्राला क्षार राखण्याचा स्क्रू असतो. तो तंत्रज्ञाकडून जरा वाढवून घेतला तर कॉफी सपक लागत नाही.

आता दळणाकडे येऊ, कारण चांगल्यातली चांगली जाळी चुकीच्या दळणापुढे हात टेकते. बेंगळुरूत सवयीनं मिळते ती फिल्टरची बारीक पूड. ती जाळीत भरली की भोकं बुजतात, मधोमध कोरडा गोळा राहतो आणि पाणी भोवतीनंच फिरतं. कोल्ड ब्रूला दळण इडली रव्याएवढं भरड हवं. घरच्या मिक्सरमध्ये ते जमत नाही. पातं काही बियांचं पीठ करतं, काहींना नुसतं चाटून जातं. दुकानातून दळून घेणं बरं. पूड भरल्यावर पाणी एकदम न ओतता थोडं थोडं ओतावं आणि लांब चमच्यानं एकदा ढवळावं. ताज्या भाजणीच्या पुडीतून वायू सुटतो आणि ती फुगून वर येते, म्हणून जाळी तोंडापर्यंत भरू नये.

चिकोरीचं गणित थोडं अवघड आहे. चिकोरी ही एक मूळवर्गीय वनस्पती. गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात तिची शेती होते. आपल्या कायद्यानुसार कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, बाकी सगळी चिकोरी असली तरी चालते. चिकोरीत पाण्यात विरघळणारा भाग कॉफीपेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे थंड पाण्यातही ती भराभर उतरते, रंग गडद करते, आणि आपल्याला वाटतं कॉफी कडक झाली. शुद्धतावादी तिला नाक मुरडतात, पण अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात चिकोरी घातलेली थंड कॉफी दुधाबरोबर आवडीनं पितात. दूध घालून पिणार असाल तर दहा-पंधरा टक्के चिकोरी शोभते, नुसती काळी पिणार असाल तर नको.

काळी प्यावी अशी एकाच मळ्याची कॉफी गल्लीतल्या दुकानात मिळू लागली ती फार जुनी गोष्ट नाही. बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणल्या अशी कथा आहे. त्यांच्या नावाचे डोंगर चिक्कमगळुरूजवळ, बेंगळुरूपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर. बाळेहोन्नूरचं कॉफी संशोधन केंद्र १९२५ पासूनचं. एवढं सगळं उशाशी असूनही कित्येक दशकं मळेवाल्याला आपला माल कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात द्यावा लागे आणि तिथे सगळ्यांची कॉफी एकत्र होई. नव्वदच्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्यानं सुटलं आणि १९९६ पर्यंत पूर्ण गेलं. त्याच वर्षी ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान उघडलं. मळ्याचं नाव पाकिटावर आलं, भाजणीची तारीख आली, मग हलक्या भाजणीची बी आली, आणि तिची नाजूक चव गरम दूध-साखरेत बुडून जाते म्हणून ती गार पाण्यात भिजवायची हौस आली. कोल्ड ब्रूची बाटली या साखळीच्या टोकाला उभी आहे.

हौसेचा हिशेब करून ठेवावा. अशा कॉफीचं २५० ग्रॅमचं पाकीट पाचशे रुपयांच्या पुढेच असतं आणि ८० ग्रॅमच्या हिशेबानं त्यात तीनच घाण निघतात. चार-पाच पाकिटांत बाटलीची किंमत पुडीनं ओलांडली. बाटलीवर घासाघीस करणारे आपण पुडीचा खर्च मात्र मोजत नाही.

धुण्याचं काम ज्याच्या वाट्याला येतं त्याला या वस्तूचे दोष आधी कळतात. ओला चोथा सिंकमध्ये सोडायचा नाही; तो पाइपाच्या वळणावर बसतो आणि प्लंबर बोलवावा लागतो. नळी उलटी करून बुडावर थापट मारली की चोथ्याचा गठ्ठा सबंध सुटला पाहिजे. वरून रुंद आणि खाली किंचित निमुळती नळी यासाठी बरी, सरळसोट आणि अरुंद नळीत हातही जात नाही, ब्रशही वळत नाही. चोथा ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात किंवा थोडा थोडा कुंडीत. जाळी लगेच, आतून बाहेरच्या दिशेनं पाण्याच्या धारेखाली धरावी. वाळलेला चोथा भोकांत सिमेंट होतो. कॉफीचं तेल साध्या धुण्यानं जात नाही, काही दिवसांनी खवट वास येऊ लागतो; कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जाळी रात्रभर बुडवून ठेवली की तो जातो. घरी भांडी घासायला अक्का येत असतील तर त्यांना ही जाळी निराळी काढून दाखवावी : "अक्का, हिला तारेची घासणी लावू नका, मऊ ब्रशच घ्या." हे एकदा सांगितलं नाही तर बारीक जाळीचे चौकोन आठवड्यात वाकतात.

आता याच ओट्यावर शेजारी उभ्या असलेल्या स्टीलच्या फिल्टरकडे बघा. दोन नळकांडी एकात एक बसवलेली. वरच्याच्या तळाला भोकं, पूड दाबायला दांडीची चकती, झाकण. रबर नाही, गोंद नाही, काच नाही. वरचं नळकांडं खालच्यावर नुसत्या घट्ट बसण्यानं टिकतं. जोडच इतके थोडे की बिघडायला जागा उरत नाही, म्हणून आजीचा फिल्टर नातीकडे येतो. कुंभकोणमच्या पितळी फिल्टरला आतून कल्हई लागते एवढाच काय तो व्याप. मग यातच गार पाणी ओतून कोल्ड ब्रू का करू नये? कारण हे भांडं भिजवण्यासाठी नव्हे, झिरपवण्यासाठी घडवलं आहे. गरम पाणी दाबलेल्या पुडीतून सावकाश उतरताना तेवढ्या वेळातच सत्त्व घेऊन जातं. गार पाणी तेवढ्याच वेळात जवळजवळ रिकाम्या हातानं खाली येतं.

बाटली न घेताही काम भागतं. झाकणाचा स्टीलचा डबा घ्यावा, त्यात पूड आणि पाणी, सकाळी आधी चहाच्या गाळणीतून आणि मग चक्का टांगायच्या मलमलच्या फडक्यातून गाळावं. फडकं साबणाच्या वासाचं नसावं, आणि त्यावर चक्क्याचा आंबूस वास असेल तर कॉफीसाठी वेगळं फाडून घ्यावं. कापड तेलही बरंचसं धरतं, त्यामुळे ही कॉफी जाळीच्या कॉफीपेक्षा स्वच्छ निघते. वैताग फक्त पसाऱ्याचा. बाटलीचे पैसे आपण खरं तर हा पसारा टाळण्यासाठी देतो, आणि ते देण्यात गैर काही नाही. फक्त तिचे जोड पाहून द्यावेत.

पिताना मात्र हात जरा आवरता असावा. ८० ग्रॅम अरेबिकाच्या घाणात मिलिलिटरमागे साधारण १ मिलिग्रॅम कॅफीन येतं. २०० मिलिलिटरचा पेला म्हणजे २०० मिलिग्रॅम. निरोगी प्रौढानं दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या आत राहावं असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचं मत आहे, गरोदरपणी २००. रोबस्टात कॅफीन जवळपास दुप्पट, आणि भारतात पिकणारी बहुतांश कॉफी रोबस्टाच. गोड लागली म्हणून रोबस्टाचे दोन पेले उन्हात गटागटा प्यायले की रात्री छताचा पंखा मोजत पडायची वेळ येते. निम्मं पाणी किंवा बर्फ घालूनच प्यावी.

आणि थंडच प्यायली पाहिजे असंही नाही. अमेरिकेत घरगुती कोल्ड ब्रूच्या भांड्यांना ज्यानं चालना दिली त्या टॉड सिम्पसन या केमिकल इंजिनिअरनं १९६४ मध्ये आपलं 'टॉडी' भांडं बनवलं. लॅटिन अमेरिकेच्या प्रवासात त्याला गार काढलेल्या घट्ट अर्कात गरम पाणी घालून कॉफी दिली होती आणि ती आवडल्यामुळे हा खटाटोप. घट्ट अर्क काढून ठेवायचा आणि लागेल तसं गरम काहीतरी घालून प्यायचं, हे डिकॉक्शनवर वाढलेल्या शहराला नव्यानं शिकवायला नको. साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी "अगं, ही गार कसली कॉफी?" म्हणून पेला परत केला तर बाटली बाजूला सारू नये. पुडीचं प्रमाण वाढवून, म्हणजे लिटरला दीड-दोनशे ग्रॅमनं काढलेला अर्क पाव पेला घ्यावा आणि त्यावर पाऊण पेला उकळतं दूध ओतावं. अर्क मात्र गॅसवर ठेवू नये, त्यानं वास उडतो आणि जो कडवटपणा टाळायला रात्रभर थांबलो तोच परत येतो. साखर आधी दुधात विरघळवून घ्यावी, कारण गार अर्कात ती तळाशी तशीच बसून राहते.